बंदची गोळी आणि आबांची लाज

आधीच सांगून टाकते, हे सगळं संडासाबद्दल आहे. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मीही जन्मभर मुरडलं. त्या मुरडण्यापायीच मी मरणाच्या दारात जाऊन आले, म्हणून आता लिहिताना मला कसलीच भीड वाटत नाही.

माझं नाव विमल. तापीकाठी आमचं गाव, सारंगखेड्याहून जवळच. केळी, ऊस, थोडा कापूस. आम्ही गुजर. आमचे पूर्वज कधीकाळी गुजरातेतून आले, त्यांची बोली इथल्या अहिराणीत मिसळून गेली, पण काही रीती तशाच राहिल्या. त्यातली एक म्हणजे सासऱ्यांची लाज काढणे.

पुण्या-नाशिकच्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. तुमच्याकडे लाज काढणे म्हणजे चारचौघांत अपमान करणे. आमच्याकडे उलटं. सुनेने सासऱ्यांसमोर पदर तोंडावर ओढून घ्यायचा आणि आपला आवाज त्यांच्या कानी जाऊ द्यायचा नाही, याला आम्ही लाज काढणं म्हणतो. आबा, म्हणजे माझे सासरे, घरात शिरताना अंगणातूनच खाकरतात. ते खाकरले की पदर आपोआप खाली येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी आबांशी एक शब्द बोलले नव्हते. राग नाही, भांडण नाही, नुसता मान. चहात साखर कमी पडली तर आबा भिंतीला विचारायचे, "आज साखर महाग व्हयनी का?" आणि मी भिंतीआडून साखर पाठवायचे. नेऊन द्यायची माझी नणंद, सुशीबाई. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिच्या जिभेला हाड नाही, पण माझ्यासाठी जीव टाकते.

पर्समधली पट्टी

आमच्याकडच्या बायकांच्या पर्समध्ये कंगवा, रुमाल, सुपारी आणि बंदची गोळी असते. जुलाब थांबवायची ती बारकी गोळी. अहिराणीत 'बंदनी गोळी'. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, आपणही नाव विचारत नाही. "बंदची द्या" म्हटलं की पट्टी हातात.

आता खरं सांगते. जुलाब झाले म्हणून ती घेणाऱ्या थोड्या. निम्म्या बायका ती प्रवासाला निघताना घेतात, पोट ठणठणीत असताना. गाडीत पुढच्या सीटवर सासरे, रस्त्यात ना संडास ना आडोसा, आणि "गाडी थांबवा" म्हणायला तोंड उघडावं लागतं. ते उघडायचं नाही. मग आधीच कुलूप लावून निघायचं. मला हे माझ्या जावेने शिकवलं, जावेला तिच्या आईने. यात काही वावगं आहे असं आमच्या कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही सगळे गेलो. आबांना घोड्यांचं वेड. पूर्वी त्यांच्याकडे घोडी होती, आता नुसते यात्रेतल्या घोडेबाजारात फिरून दात बघतात आणि नावं ठेवतात. आम्ही बायका तोवर खाण्याच्या दुकानांतून. मी शेवभाजी खाल्ली, उसाचा रस प्याले, तिथल्याच टाकीचं पाणीही प्याले.

घरी आल्यावर पोट बिघडलं. नुसतं पातळ नव्हे. पोटात पिळा मारायचा, पळत जावं तर एवढंसं व्हायचं, चिकट आव, आणि त्यात लाल. अंगात कणकणही होती. मी सुशीबाईच्या कानात सांगितलं तर ती म्हणाली, "शेवभाजीनी तर्री शे ती. नंदुरबारनी मिरची, लालच पडी ना!"

मला ते लगेच पटलं. आमच्या जिल्ह्यात हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला शेतंच्या शेतं लाल मिरची वाळत पडलेली असते. वाऱ्यात मिरची, शिंकेत मिरची, जेवणात तर आहेच. लाल दिसलं की रक्त असेल असं आमच्या मनात येतच नाही. मिरचीच असणार.

सगाई

दुसऱ्या कोणत्या आठवड्यात हे झालं असतं तर मी निजून राहिले असते. पण माझ्या मुलाची, निखिलची, सगाई तोंडावर आली होती. निखिल सुरतेला नोकरीला, मुलगी बारडोलीकडची. मुलाची आईच आली नाही तर लोक काय म्हणतील? तिकडची माणसं म्हणतील, सासूला सोयरीक पसंत नाही.

गाडी हे चालवत होते, माझे यजमान. शेजारी आबा. मागे मी आणि सुशीबाई. निघताना मी दोन गोळ्या घेतल्या. निघतानाच आबा म्हणाले, "गाडी कोठे थांबाडू नको रे, मुहूर्त चुकी जाई." झालं. नंदुरबार सोडलं तोच पिळा आला, आणखी एक गोळी. खांडबाऱ्याच्या अलीकडे पुन्हा. मी पदराआड हात घालून पट्टीतून गोळ्या काढत होते आणि पाण्याशिवाय गिळत होते. घामाने ब्लाउज भिजला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सुशीबाई कुजबुजली, "वहिनी, तुन्हं तोंड का उतरी गयं? सांगू का आबाले?"

मी तिचा हात करकचून दाबला.

सगाई झोकात झाली. मी हसले, ओटी भरली, पोरीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. किती गोळ्या घेतल्या ते मला आजही सांगता येणार नाही. पट्टी संपली होती एवढं खरं. परतताना पोट शांत होतं, अगदी गपगार. मी मनात सारंगखेड्याच्या दत्ताला हात जोडले.

बंद झालं म्हणजे बरं झालं

घरी आल्यावरही काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सुशीबाईने विचारलं, "बंद व्हयनं ना? मंग बरं व्हयनं."

या एका शब्दाने माझा घात केला. बंद. हगवण बंद म्हणजे बाई बरी, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण माझं पोट ढोलासारखं ताणलं होतं. साडीची गाठ बसेना. वाराही सरत नव्हता. ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. ओट्याजवळ उभी असताना छातीत काहीतरी फडफडलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं मला आठवतं ते जीपच्या सीटवर पडलेली मी, आणि यांचा आवाज, "विमल, डोळे उघड, डोळे उघड."

नंदुरबारला एका दवाखान्यात नेलं. नाकातून नळी घातली, हाताला सलाईन, छातीला तारा. तोंडाने पाणीसुद्धा बंद. पोटाचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, सर्जन, बोलायला सरळ. त्यांनी टेपने माझं पोट मोजलं आणि कातडीवर पेनाने खूण केली.

"मोठं आतडं फुगलंय," ते म्हणाले. "आधी जुलाब होते का? रक्त पडत होतं का? कुठली गोळी घेतली?"

खाटेच्या एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला सुशीबाई, आणि पायांशी आबा, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी पदर नाकाच्या नळीवरून खाली ओढला आणि मान हलवली. नाही.

"हे बघा, मला नीट कळलं नाही तर मी चुकीच्या दिशेला जाईन. उद्यापर्यंत आतडं उतरलं नाही तर पोट उघडावं लागेल. फुटायच्या आत मोठं आतडं काढावं लागेल. मग संडासाची पिशवी पोटावर लावावी लागते."

पोटावर पिशवी! निखिलच्या लग्नात पोटावर पिशवी बांधून मी मिरवणार? मी घाबरले, खूप घाबरले. तरीही तोंड उघडेना. लिहिताना माझं मलाच खरं वाटत नाही, पण त्या क्षणी मरण लांब होतं आणि आबा जवळ होते.

नर्सताई वैतागल्या. पुण्या-नाशिककडच्या कुठल्या शहरातून आलेल्या होत्या. "अहो, पदर कशाला सारखा ओढताय? नळी निघेल!"

सुशीबाईने समजावलं, "ती सासऱ्यांची लाज काढते."

"आजारपणात लाज काढतात का कोणी म्हाताऱ्या माणसाची?" नर्सताई डोळे वटारून म्हणाल्या, आणि आबांकडे फार कणवेने बघितलं. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

आबा बोलले

यांचा मात्र पारा चढला. "अगं, एवढी वर्षं माझ्याशी तरी बोलतेस ना? मला सांगता येत नव्हतं?"

"गाडी थांबवली असती तुम्ही?" मी पुटपुटले. थांबवली नसती. आबांनी मना केलं होतं.

आबा तेवढ्यात खाकरले. घरात शिरताना खाकरतात तसेच. मग काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या उशाशी येऊन बसले. इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास येतो हेसुद्धा मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"घोडीनं पोट असं फुगस ना," ते बोलू लागले, आणि या वेळी भिंतीशी नाही, माझ्याशी, "तव्हय आम्ही एकच इचारतस, लीद कशी व्हती. तिले बोलता येत नही, म्हनीसन ती मरी जास. तुले बोलता येस ना, बेटा? मंग सांग. रगत पडनं का?"

बेटा. मला हुंदकाच फुटला. नळीमुळे घसा सोलून निघाला. आणि तसंच, पदराआडून, मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांशी बोलले. बोलले तेही काय?

"हो आबा. पडनं. यात्रापासून पडी ऱ्हायनं. आन् बंदन्या गोळ्या खाद्यात मी. भलत्या, पुरी पट्टी."

आबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "बस्स, हेच हवं होतं," आणि लगबगीने बाहेर गेले.

डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं

हे मी माझ्या भाषेत लिहिते. चुकलं असेल तर माझं, डॉक्टरांचं नव्हे.

ती गोळी वाईट नाही. ती आतड्याची चाल मंद करते. मोठ्या माणसाला साधे, पाण्यासारखे जुलाब असतील, ताप नाही, रक्त नाही, तर पट्टीवर किंवा डॉक्टरांनी सांगितली असेल तेवढीच, एखाद-दोन दिवस घ्यावी. तेवढ्याने गुण आला नाही तर बंद करून दवाखाना गाठावा. लहान पोरांना तर आपल्या मनाने द्यायचीच नाही. आणि गोळीच्याही आधी मीठ-साखरेचं पाणी, ते पुडीतलं, कारण जुलाबाने माणूस सुकतो आणि ती सुकण गोळीने भरून निघत नाही.

पण आतड्याला जंतूंची सूज आली असेल, आव-रक्त पडत असेल, ताप असेल, पोट फुगत असेल, तर ही गोळी घेणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत वरून बोळा कोंबणं. घाण आतच राहते, आतडं फुगतं. आणि मुठीने खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडतात. माझी चक्कर त्यातलीच असावी. म्हणून त्या तारा छातीवरून काढत नव्हते.

"आणि पोट चांगलं असताना प्रवासासाठी?" मी विचारलं होतं.

"बाई, प्रवासाला गाडी थांबवायची असते," डॉक्टर म्हणाले.

वाऱ्याची वाट

औषधं बदलली. पण आतडं ऐकेना. पेनाची खूण तिथेच, टेप आणायचे, मोजायचे, तेवढंच. सर्जन येऊन विचारायचे, "वारा सरला का?" नर्स विचारायची, "वारा सरला का?" झाडायला येणारी मावशीसुद्धा विचारून जायची. जो वारा सरला तर बायका लाजेने अर्ध्या होतात, त्याच्यासाठी माझं अख्खं घर देव पाण्यात घालून बसलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर यांनी सही करून ठेवली. मला त्यांचा रागही आला नाही, नुसतं रडू आलं. निखिल सुरतेहून आला, पायांशी बसून राहिला. मी त्याला म्हटलं, लग्न पुढे ढकलू नको. तो म्हणाला, "मम्मी, गप बस." अशा वेळी पोरं किती लहान दिसतात!

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगाला हालचाल हवी, कुशीवर वळवत राहा. सुशीबाई मला या अंगावरून त्या अंगावर लोटायची आणि बडबडत राहायची. एकदा तर ती ओरडलीच, "ती तर्री मीच बोलनू व्हती! मन्ही जीभ जळो!" मी तिचा हात धरला.

सकाळी, ऑपरेशनची तयारी चाललेली असताना, हे रक्ताची बाटली आणायला गेले होते. सुशीबाई चहाला. खोलीत आबा एकटे, स्टुलावर. मी त्यांच्याकडे पाठ करून कुशीवर पडले होते. पोटात काहीतरी हललं. गुडगुड झालं, खूप दिवसांनी. मी श्वास रोखला. सवयच ती, आबा बसले होते ना! आवळून धरलं मी. मग वाटलं, विमल, कशासाठी? कोणासाठी?

आणि सोडून दिलं.

काय तो आवाज! खोलीला काचा असत्या तर गेल्या असत्या. नंतर आणखी एक, आणि आणखी. मी उशीत तोंड खुपसलं. कान तापले.

मागे स्टूल सरकलं. आबा दारापाशी गेले आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सुशी! डॉक्टरले बलाव! वारं सरनं!"

त्यांचा आवाज फाटला होता. म्हातारा रडत होता.

पोट हळूहळू उतरलं. सुरीची वेळ आली नाही. आतडं माझं माझ्याजवळ राहिलं. पेनाची खूण मी कितीतरी दिवस घासून काढली नाही.

थांबाड गाडी

घरी आल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं. आबा खाकरतात, मी पदर ओढते. चहाची तक्रार पुन्हा भिंतीकडे जाते. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर लाज संपेल. संपली नाही, आणि खरं सांगू, ती आबांचीही सवय होती. मी रुसले नाही.

निखिलचं लग्न बारडोलीला झालं. परतताना नवी सून, काव्या, आमच्याच गाडीत होती. निखिल मित्रांच्या गाडीत अडकला होता. पुढे हे आणि आबा. मागे सुशीबाई, मी आणि मध्ये ती पोर, शालूत गुंडाळलेली, ताठ बसलेली. सकाळपासून तिला कोणी उठू दिलं नव्हतं.

मी तिच्या कानाशी लागले. "जायचंय का तुला?"

ती दचकली. मग अगदी हळू म्हणाली, "नको मम्मी. मी गोळी घेतलीय. आईने दिली."

तीच गोळी, तीच पुढची सीट, तोच रस्ता. फक्त पोर नवी. मी काही बोलणार तेवढ्यात पुढून आबा खाकरले.

"थांबाड रे गाडी."

"काय झालं आबा?" यांनी विचारलं.

"माले लागनी शे. त्या पंपावर थांबाड."

गाडी थांबली. आबा काठी टेकत उतरले, पंपाच्या संडासाकडे गेलेच नाहीत. पलीकडे ऊस होता, त्याच्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. नुसते उभे. हे खिडकीतून म्हणाले, "आबा, संडास तिकडे आहे."

"माले माहिती शे," आबा उसाला म्हणाले. "तू गाडी बंद कर. येळ लागी."

मी काव्याचा हात धरून तिला खाली उतरवलं. "चल. आबांना लागलीय," मी म्हटलं. तिला काहीच कळलं नाही, पण ती आली. संडासाच्या दाराशी मी तिच्या पर्समधली पट्टी मागून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "ही आजारपणाची असते, प्रवासाची नसते," एवढंच सांगितलं. बाकीचं घरी सांगणार होते. सगळं, अगदी रंगासकट.

आम्ही परत आलो तरी आबा उसाकडेच बघत होते. पावलं ऐकू आली तशी ते वळले नाहीत, नुसते खाकरले. आम्ही दोघींनी पदर ओढले.

"व्हयनं का?" त्यांनी उसाला विचारलं.

नव्या सुनेने माझ्याकडे बघितलं. ऊस काही बोलणार नव्हता.

"व्हयनं, आबा," मी म्हणाले.